हिंगाची डबी वेगळी

"ताई, शाम्पूची तीच फळी मी आज सातव्यांदा मांडली," काल रात्री फोनवर एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. जेवलीस का विचारलं, तर म्हणालीस, नंतर जेवते. तेव्हाच मला कळलं, पोरगी नुसती दमलेली नाही, तिला वाटायला लागलंय की हे काम आपल्याला जमतच नाही. तसं नाहीये गं. सात दुकानांसाठी एकच फळी सात वेळा मांडणारी तू पहिली नाहीस. मी पहिलं वर्षभर तेच केलं, कारण दुसरी वाट आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आज तुला सुट्टी आहे, चहा घेऊन बस आणि हे सावकाश वाच.

प्लॅनोग्राम, म्हणजे कुठला माल कुठल्या फळीवर याचा नकाशा, तुला काढता येतो. बे, म्हणजे फळ्यांचा एक उभा कप्पा, टाकता येतो, फळ्या लावता येतात, माल ओढून बसवता येतो, फेसिंग, म्हणजे समोरून दिसणारे नग, कमी-जास्त करता येतात. चार महिन्यांत एवढं येणं म्हणजे चांगलं आलं. आता शिकायचंय ते ग्रुप बांधायला. तुमच्या ऑफिसात कुठलं सॉफ्टवेअर आहे याने फारसा फरक पडत नाही. कुणाकडे ब्ल्यू यॉन्डर असतं, त्याला जुनी माणसं अजून जेडीएच म्हणतात, कुणाकडे स्पेसमन. बटणांची नावं वेगळी, पण सोय सगळीकडे या ना त्या रूपात असतेच: चार फळ्या, बारा हुक आणि त्यांवरचा माल एकदम निवडायचा, त्याची एक मोळी बांधायची, तिला नाव द्यायचं, लायब्ररीत ठेवायची आणि पुढच्या दुकानाच्या प्लॅनमध्ये अख्खी उचलून बसवायची. कुठलं बटण दाबायचं ते मॅन्युअलमध्ये सापडेल. मोळीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, ते मात्र तिथे लिहिलेलं नसतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आईचा मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आण. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या, धणेपूड, गोडा मसाला. लवंग, दालचिनी, वेलदोडे त्या डब्यात तू कधी पाहिलेस? तेही मसालेच की. पण ते फडताळात मागच्या बरणीत, कारण ते रोज लागत नाहीत. डब्यात तेवढंच, जे तेल तापल्यावर न शोधता हाताला यायला हवं. आणि हिंग? हिंग तर प्रत्येक फोडणीत पडतो. तरीही त्याची डबी वेगळी, झाकण घट्ट. सोबत ठेवला तर सातही वाट्यांना त्याचा वास लागतो. आई हे कुठे शिकली नव्हती, पण तिने दोन गोष्टी बरोबर ओळखल्या होत्या: सारखं दिसतं म्हणून एकत्र ठेवायचं नाही, आणि बरोबरीने वापरलं जातं म्हणून डोळे मिटूनही एकत्र ठेवायचं नाही.

आपल्या कामातला हिंग म्हणजे बाकीच्यांच्या आधी बदलणारी वस्तू. ऑफरचा पॅक, 'एकावर एक'ची पट्टी, सणाचा गिफ्ट बॉक्स. तो मोळीत बांधलास की दर पंधरा दिवसांनी अख्खी मोळी सोडायला लागते. म्हणून मी एकच कसोटी लावते: जे एकत्र बदलतं ते एकत्र बांधायचं. सारखं दिसतं, एका कंपनीचं आहे, एका बेमध्ये आहे, यातलं कुठलंही कारण पुरेसं नाही.

तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो मी मोठा करून पाहिला. तू ग्रुप केला होतास, पण अख्ख्या बेचा. बेची चौकट, फळ्या, हुक, बाटल्या, पुड्यांच्या लड्या, किमतीच्या पट्ट्या, वरचा ऑफरचा हेडर, सगळं एका 'शाम्पू' नावाखाली. मग त्यातली एक ऑफर संपली, तू ग्रुप सोडलास, पॅक काढलास, परत बांधायचं राहून गेलं, आणि पुढच्या दुकानाला पुन्हा पहिल्यापासून. असंच झालं ना? आता जरा थांबून बघ, त्या बेमधल्या कुठल्या गोष्टी किती दिवसांनी हलतात. फळ्या आणि हुक दुकानाचं नूतनीकरण होईपर्यंत हलत नाहीत. मालाची यादी कॅटेगरी मॅनेजर दर तीन-चार महिन्यांनी तपासतो, तेव्हा हलते. ऑफर पंधरवड्याची. तीन घड्याळं आहेत, आणि तू तिन्ही एका दोरीने बांधलीस. मग सगळ्यात घाईचं जे घड्याळ, त्याच्या मागे बाकीच्यांना पळावं लागणारच.

तीन ग्रुप कर. पहिला नुसता सांगाडा, म्हणजे फळ्या आणि हुक, वर काहीही नाही. दुसरा मालाचा. तिसरा ऑफरचा, आणि तो कायम सगळ्यांत वर, सुटा. एकात एक बसवायचे असले तरी दोन पातळ्यांच्या खाली जाऊ नकोस. ग्रुपच्या पोटात ग्रुप, त्याच्या पोटात आणखी एक, असं एका हुशार मुलाने आमच्याकडे करून ठेवलं होतं. तो नोकरी सोडून गेल्यावर एक टूथब्रश हलवायला आम्हाला अर्धा दिवस लागला.

मालाचा ग्रुप बांधताना गिऱ्हाईक कसं शोधतं ते बघ, आपण ऑफिसात यादी कशी लिहितो ते नाही. खोबरेल तेल घ्यायला आलेली बाई आवळ्याच्या तेलाकडे ढुंकून बघत नाही. तिला आधी खोबरेल दिसलं पाहिजे, मग तिची नेहमीची निळी बाटली, मग तिचं माप. म्हणून केसांच्या तेलात मी आधी प्रकार धरते, मग ब्रँड, मग आकार. शाम्पूत उलटं, तिथे आधी ब्रँडच डोळ्यांत भरतो. एकच नियम सगळीकडे चालत नाही, आणि म्हणूनच एका कॅटेगरीचा ग्रुप दुसरीत नेऊन नुसता माल बदलायचा मोह टाळ.

हे शोधणं आपण गिऱ्हाइकावर टाकलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत मेम्फिस गावी १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने पिगली विगली हे दुकान उघडलं, त्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाने टोपली घेऊन आपल्या हाताने माल उचलायचा होता. त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच, यादी काउंटरवर द्यायची आणि आतल्या माणसाने काढून द्यायचं. आपल्या गल्लीतल्या वाण्याकडे सत्यनारायणाची यादी दिली की कापूर, वाती, उदबत्ती, सुपारी, जानवं, गुलाल एकापाठोपाठ काउंटरवर यायचं आणि "अष्टगंध आहे का घरी?" असं तोच विचारायचा. ते सगळे ग्रुप त्याच्या डोक्यात बांधलेले होते. आता फळीपाशी विचारायला कोणी नाही, तू मांडलेली फळीच बोलते. म्हणून हे काम छोटं समजू नकोस.

आता जे सांगणार आहे ते जपून वाच, कारण हे मला फार महागात पडलं.

ग्रुप परत वापरायचे दोन रस्ते असतात. एक, त्याची प्रत करायची. प्रत केली की ती त्या दुकानाची झाली, मूळ ग्रुप बदलला तरी तिला काही होत नाही. दुसरा, लिंक ठेवायची. लिंक असली की मूळ एके ठिकाणी बदललं की जिथे जिथे तो ग्रुप आहे तिथे तिथे बदलतं. लिंक फार सोयीची असते, आणि सोयीची असते म्हणूनच ती विसरली जाते.

मी ज्या कंपनीत होते तिथे शाम्पूच्या लड्यांच्या हुकांचा एक ग्रुप होता. जवळजवळ चाळीस दुकानांत लिंकने बसवलेला. एका गावच्या दुकानातून फोन आला, आमच्या बेच्या मागे विजेचा बोर्ड आहे, वरची हुकांची ओळ दोन खाचा खाली घ्या. मी त्या दुकानाचा प्लॅन उघडला, हुक खाली घेतले, सेव्ह केलं, घरी गेले. माझ्या स्क्रीनवर एकच दुकान होतं ना, मला वाटलं एकच बदललं. रात्री सगळे प्लॅन आपोआप दुकानांना गेले. सकाळी चाळीस दुकानांच्या कागदावर वरची ओळ खाली आलेली, खालच्या लड्या बाटल्यांच्या फळीवर लोंबताहेत. दुपारपर्यंत फोन थांबेनात. त्यातला एक अजून कानात आहे. दुकानात फळ्या भरणारी एक बाई, माझ्या वयाची असेल, शांतपणे म्हणाली, "मॅडम, कागदावर होतं म्हणून आम्ही रात्री दीडपर्यंत बसून हुक काढले. आता परत वर लावायचे का?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या दिवशी बस पकडून तिच्या गावी गेले आणि तिच्याबरोबर हुक लावले. बत्तीस होते.

तेव्हापासून सेव्ह दाबायच्या आधी मी 'हा ग्रुप कुठे कुठे वापरलाय' ती यादी उघडते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कुठे आहे ते उद्या गेल्यावर पहिल्यांदा शोध. आणि लिंक की प्रत हे ठरवताना एवढंच विचार: ही गोष्ट सगळ्या दुकानांत कायम एकसारखीच राहिली पाहिजे का? हो असेल तर लिंक. सुरुवात सारखी पण पुढे प्रत्येकाची वाट वेगळी असेल, तर प्रत. हुकांची ओळ लिंकने जोडायची गोष्टच नव्हती, कारण भिंतीमागे काय आहे हे प्रत्येक दुकानाचं वेगळं. एका दुकानासाठी लिंक तोडावी लागली तर त्या प्रतीच्या नावात दुकानाचा कोड घाल, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी तिलाच मूळ समजेल.

मापांचं बोलू. ग्रुप बांधतेस तेव्हा त्याचा एक कोपरा सॉफ्टवेअर धरून ठेवतं, बहुतेक डावीकडचा खालचा. तो कोपरा कशावर टेकलाय ते बघ. तुझ्या मूळ बेची तळफळी जमिनीपासून १५० मिलिमीटरवर असेल आणि दुसऱ्या दुकानात १००वर, तर तोच ग्रुप तिथे बसवल्यावर एकतर सगळं ५० मिलिमीटर अधांतरी तरंगेल, किंवा खाली येऊन वर नको तेवढी जागा सुटेल. स्क्रीनवर हे डोळ्यांना जाणवतही नाही. मी कोपरा तळफळीच्या वरच्या कडेला धरते, जमिनीला कधीच नाही.

मग खाचा. बेच्या उभ्या खांबांना ठरावीक अंतरावर खाचा असतात, फळीचे कंस त्यांतच अडकतात. तुमच्या दुकानांत हे अंतर ५० मिलिमीटर असेल, तर फळी ४०० वर बसेल, ४५० वर बसेल, ४३७ वर बसणार नाही. सॉफ्टवेअर मात्र ४३७ आनंदाने काढून देतं. ग्रुप ओढताना माउस जरा हलला की झालं. तो कागद हातात घेऊन शिडीवर उभा असलेला मुलगा काय करेल? जवळच्या खाचेत लावेल, आणि मग खालच्या फळीवरची मोठी बाटली आत जाणार नाही. चूक त्याच्या नावावर लागेल. म्हणून सांगाड्याचा ग्रुप बांधायच्या आधी फळ्या खाचांना चिकटव, आणि बाटलीच्या डोक्यावर बोटं जातील एवढी, अडीच सेंटिमीटर तरी, जागा ठेव. गिऱ्हाइकाला बाटली उचलता आली पाहिजे आणि परत ठेवताही.

खोलीकडे कोणाचं लक्ष जात नाही. समोरून दोन्ही फळ्या सारख्या दिसतात. पण खालची ४०० मिलिमीटर खोल, वरची ३००. बाटली ७० मिलिमीटर जाड धर. ४०० मध्ये एकामागे एक पाच बसतात, ३०० मध्ये चार. सहा फेसिंगचा ग्रुप खालून उचलून वर नेलास तर तीसच्या चोवीस बाटल्या झाल्या, आणि किती दिवस माल पुरेल हा तुझा सगळा हिशेब चुकला. शनिवारी दुपारी फळी रिकामी दिसली की लोक तुला विचारतील.

रुंदीचंही तसंच. काही बे ९०० चे, काही १२०० चे. ९०० चा ग्रुप १२०० मध्ये टाकून सॉफ्टवेअरला 'पसरव' म्हणालीस की ते बाटल्यांमध्ये सारख्या फटी सोडतं, आणि फळीचे अर्धे दात पडल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा ९०० चा ग्रुप जसाच्या तसा ठेव आणि उरलेल्या ३०० चा एक वेगळा छोटा ग्रुप कर. या ३०० चं काय करायचं ते पुढे सांगते.

नावं. तुमच्या लायब्ररीत 'शाम्पू फायनल', 'शाम्पू फायनल २', 'शाम्पू नवीन फायनल' अशी नावं आहेत, हे न बघता सांगते. नाव असं ठेव की फाइल न उघडता कळावं: आधी कॅटेगरी, मग काय आहे, मग रुंदी, मग मूळ की प्रत. 'केस – लडी हुक – ९०० – मूळ'. आणि वर्णनाची जी रिकामी चौकट असते ती कधीच रिकामी सोडू नकोस. तिथे काय केलं ते नको लिहू, ते दिसतंच. का केलं ते लिही. 'मोठी बाटली तळाला, कारण वरून काढताना हातातून सुटते.' एवढं एक वाक्य. तीन महिन्यांनी ते तुलाच लागेल.

नावात तारीख घालू नकोस, सणाचं नाव घाल. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ साली १४ सप्टेंबरला बसणार, कारण मध्ये अधिक महिना आला. 'ऑगस्ट पूजा' असं नाव दिलेला ग्रुप पुढच्या वर्षी कोणी शोधायचा? तारीख प्लॅन लागू होण्याच्या रकान्यात राहू दे. 'गणपती – पूजासाहित्य – एंडकॅप' म्हण (एंडकॅप म्हणजे रांगेच्या टोकाची मांडणी), दरवर्षी सापडेल.

अधिक महिन्यावरून आठवलं, आणि हे तुला सविस्तर सांगायचंच होतं. आपल्याकडे धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, तेहतीस अनारसे किंवा बत्तासे, तांब्याचं ताम्हण, दिवा देतात. दुकानात त्याचा एक वेगळाच कोपरा लागतो: अनारशाचं पीठ, खसखस, गूळ, तूप, बत्तासे, ताम्हणं, निरांजनं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून. तेव्हा मी तो ग्रुप बांधला, मनापासून बांधला. खसखशीची छोटी पाकिटं पिठाच्या शेजारी टांगली होती, कारण अनारसा खसखशीवर थापतात आणि ती नेमकी घरी संपलेली असते. मग ग्रुप लायब्ररीत निजला. अधिक महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, तेव्हा पुढचा आला तो २०२६ चा अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून. मी एप्रिलमध्ये ग्रुप उघडला आणि पाहतच राहिले.

पिठाच्या दोन ब्रँडांपैकी एक बंद झालेला, त्याच्या जागी राखाडी चौकोन. तुपाची बरणी ग्रुपमध्ये होती त्यापेक्षा उंच झालेली, वरच्या फळीत घुसत होती, तरी बारकोड तोच. हे कसं, तर बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ संस्थेच्या नियमानुसार पाकिटाचं एखादं माप वीस टक्क्यांहून जास्त बदललं तरच त्यासाठी नवीन बारकोड घ्यावा लागतो. त्याच्या आतला बदल जुन्याच क्रमांकाखाली चालतो. म्हणजे २० सेंटिमीटरची बरणी साडेतेवीसची झाली तरी ८९० ने सुरू होणारा तो तेरा आकडी क्रमांक तोच, आणि तुझ्या यादीला पत्ताही नाही. उलट छापलेलं वजन बदललं तर नवीन क्रमांक लागतो, पाकीट दिसायला जुळं असलं तरी. मग ग्रुप जुन्या क्रमांकाला धरून बसतो आणि दुकानात नवीन माल आलेला असतो.

याचा सगळ्यात मोठा दणका गेल्या वर्षी बसला. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. घरच्यांसाठी चांगलीच गोष्ट. पण काही ठिकाणी किंमत उतरली, काही ठिकाणी तीच किंमत ठेवून वजन वाढलं, आणि नरकचतुर्दशी होती २० ऑक्टोबरला. अभ्यंगाचा आमचा तयार ग्रुप, साबण-तेल-उटण्याचा, चार आठवड्यांत अर्धा शिळा झाला. ज्यांनी ग्रुपमध्ये माल यादीतून ओढून ठेवला होता, त्यांचं काम यादी दुरुस्त केली की बरंचसं आपोआप झालं. ज्यांनी घाईत नुसते रंगीत चौकोन काढून त्यावर नाव लिहिलं होतं, त्यांना एकेक चौकोन हाताने बदलावा लागला.

म्हणून जुना ग्रुप कधीही सरळ उचलून दुकानाला पाठवू नकोस. आधी एका रिकाम्या प्लॅनमध्ये उतरव, राखाडी चौकोन शोध, फळीत घुसणारं आणि तरंगणारं बघ, मग खऱ्या पाकिटांपैकी चार-पाच हातात घेऊन टेपने मोज. आणि जे चांगलं होतं ते फेकू नकोस. माझी ती पिठाशेजारची खसखस २०२६ मध्येही तशीच राहिली.

आता ते ३०० मिलिमीटर. मूळ ग्रुप सगळ्या दुकानांत सारखा असला तरी गावं सारखी नसतात. कोल्हापुरात मसाल्याच्या फळीवर कांदा-लसूण मसाला डोळ्यांसमोर हवा, मालवणाकडे आणि गोव्यात कोकम हाताशी हवं, नागपुरात सावजी मसाला विचारतात. हे ऑफिसात बसून आपल्याला पूर्ण कधीच कळत नाही, आणि दुकानाच्या माणसाला कळतं. तो ३०० चा ग्रुप मुद्दाम मोकळा ठेव, त्याला 'गावचं' असं नाव दे आणि मूळ ग्रुपशी लिंक करू नकोस. दुकानाने काय मागितलं ते तिथे बसव. जिथे बे ९०० चाच आहे तिथे मूळ ग्रुपच्या एका फळीवर जागा राखून ठेव. मी अशा दुकानांत पाहिलंय, त्या जागेची काळजी माणसं जास्त घेतात, ती त्यांना आपली वाटते.

एक नाजूक गोष्ट. लायब्ररीत दुसऱ्याने बांधलेले ग्रुप असतील, काही गोंधळाचे असतील, तुला ते सुधारावेसे वाटतील. आधी विचार. ते बांधणारी, तुझ्या बाजूच्या टेबलावरची मुलगी वाईट नाही, तिलाही कुणी शिकवलेलं नाही. तिच्याकडे जाऊन म्हण, हा तू असा का बांधलास ते मला सांगशील? पुष्कळदा तिच्याकडे कारण असतं. नसलं तर दोघी मिळून दुरुस्त करा, आणि जुना ग्रुप महिनाभर काढू नका, फक्त नावापुढे 'वापरू नये' लिहा. साहेबांना सांगताना तिचंही नाव घे.

आणि सातव्या वेळचं मनाला लावून घेऊ नकोस. सात वेळा मांडलीस म्हणूनच तुला आता पाठ झालंय की त्यातलं काय दर वेळी तेच राहिलं आणि काय दर वेळी बदललं. उद्या सकाळी संगणक लावायच्या आधी ते कागदावर दोन ओळींत लिही. तुझे तीन ग्रुप तिथेच तयार आहेत.

शनिवारी इकडेच ये जेवायला. येताना लॅपटॉप आण आणि स्टीलची टेप आण, शिवणाची नको, ती ताणली जाते. गणपतीचं पूजासाहित्य आपण माझ्या टेबलावर खरोखर मांडून बघू, पाकिटं मी आणून ठेवते. कापूर आणि पंचखाद्य एका फळीवर नको, एवढं आधीच सांगून ठेवते. बाकी तू मांड, मी बघते.